दीड किलोमीटर अलीकडे

जुलै २०२०. लॉकडाऊन चालू होता. आमच्या गावाचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबादच होतं. कॉलेज बंद, परीक्षा होणार की नाही यावर रोज नवी अफवा, आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मोबाइल घेऊन पडलेला. घरात रेंज यायची नाही, टाकीपाशी यायची. त्या दिवशी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बातमीची लिंक पडली आणि तिच्याखाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग लागली.

बातमी आमच्याच गावातल्या एका पोराची होती. वय वीस, इंजिनिअरिंगला. फेसबुकवर ओळख झालेल्या कराचीच्या मुलीला भेटायला तो निघाला होता. मोटरसायकलवर, गूगल मॅप लावून. हजारावर किलोमीटर तुडवून तो कच्छच्या रणापर्यंत पोचला. धोलावीराच्या पुढं गाडी रुतली, तर तिथंच टाकून चालायला लागला. सीमा साधारण दीड किलोमीटर उरलेली असताना बीएसएफच्या जवानांना तो सापडला. अंगातलं पाणी संपत आलेलं. इकडं घरच्यांनी पोरगा हरवल्याची तक्रार दिली होती, इथल्या पोलिसांनी मोबाइलचं लोकेशन काढून कच्छला कळवलं होतं, म्हणून तिकडं शोध चालू होता.

ग्रुपवर दोन तट पडले. एका तटाला हसू आवरत नव्हतं. ‘आपण बार्शीला जायला ई-पास काढूलालो आणि हा गडी कराचीला निघाला,’ वगैरे. दुसऱ्या तटानं त्या पोराचं नाव वाचलं होतं आणि त्यांना हसण्याची गरज वाटत नव्हती. नावावरूनच त्यांचा निकाल लागलेला होता. मी कुठल्याच बाजूनं काही लिहिलं नाही. मला आज कबूल करायला हरकत नाही की तोच प्रकार माझ्या आडनावाच्या पोरानं केला असता, तर हे दुसऱ्या तटातले लोकही इमोजीवाल्यांत जाऊन बसले असते. प्रेमवीर म्हणाले असते. चहाच्या टपरीवर वर्षभर पुरला असता तो विषय.

मला हसू न येण्याचं कारण मात्र उदात्त नव्हतं. त्या पोरात आणि माझ्यात काही फरकच सापडेना. तेच वय, तीच गच्ची, दिवसाचा दीड जीबी डेटा. मीही कधी कुणाशी काय बोलत बसायचो ते घरात कुणाला माहीत नव्हतं. नकाशावर बोटानं झूम करत कुठल्या कुठं जायचो. त्या नकाशावर सीमा म्हणजे एक बारीक रेघ असते. तिच्या अलीकडची जमीन आणि पलीकडची जमीन एकाच रंगाची दिसते. खाली रण आहे, तिथं प्यायला थेंब मिळत नाही, हे स्क्रीनवर दिसत नाही.

त्याच रात्री मी शोधत बसलो की समजा गाडी रुतली नसती, तर? दीड किलोमीटर पुढं काय झालं असतं? शोधता शोधता मुंबईच्या हमीद अन्सारीपाशी येऊन थांबलो. त्याचं नाव ऐकल्यासारखं होतं, पण गोष्ट पुरती माहीत नव्हती.

हमीद शिकला-सवरलेला, मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवणारा. २०१२ साली वय सत्तावीस. त्याची फेसबुकवरची मैत्रीण पाकिस्तानातल्या खैबर पख्तूनख्वा प्रांतातल्या कोहाटची. तिचं जबरदस्तीनं लग्न लावून देतायत असं त्याला कळलं. पाकिस्तानचा व्हिसा मिळेना. मग ४ नोव्हेंबर २०१२ ला तो घरी नोकरीचं कारण सांगून विमानानं काबूलला गेला. तिथून जलालाबाद, तिथून तोरखमच्या वाटेनं व्हिसा नसताना पाकिस्तानात. रस्ता सुचवणारेही फेसबुकवरचेच ओळखीचे. कोहाटमध्ये तो लॉजवर उतरला तेव्हा त्याच्याकडं हमजा या नावाचं खोटं ओळखपत्र होतं. नोव्हेंबर अर्धा व्हायच्या आत तो पकडला गेला.

इथं थांबून जरा त्या कोहाटच्या पोलिसाच्या किंवा गुप्तचर खात्यातल्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा. समोर शत्रुदेशातला तरुण. इंजिनिअरिंग शिकलेला. अफगाणिस्तानातून चोरवाटेनं आलेला. खिशात खोटं नाव. घरी काय सांगून आला, तर तेही खोटं. तो म्हणतो, मी एका मुलीसाठी आलो. हेर पकडला गेला तर दुसरं काय म्हणेल? भोळा माणूस आणि हेर यांचे कागद सारखेच दिसतात, ही या सगळ्यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट मला वाटते. भोळेपणाचा दाखला कुठल्या तहसीलमध्ये मिळत नाही.

घरच्यांना पुढची तीन वर्षं काहीच कळलं नाही. पोरगा जिवंत आहे की नाही हेही नाही. आई फौजिया अन्सारी, स्वतः कॉलेजात शिकवणारी बाई, त्याच्या संगणकावरचे जुने मेसेज वाचत वाचत अंदाज बांधत गेली की हा काबूलच्या पुढं गेला. मुंबईतले पत्रकार आणि शांतता चळवळीतले कार्यकर्ते जतीन देसाई त्यांच्या मदतीला आले. तिकडं लाहोरची एक तरुण पत्रकार, झीनत शहजादी, तिनं ही गोष्ट मनावर घेतली. ओळख ना पाळख. तिनं हमीदच्या आईशी संपर्क साधला, तिच्याकडून वकीलपत्रासारखा अधिकार मागून घेतला आणि तिकडच्या यंत्रणांकडं अर्ज करत सुटली. ऑगस्ट २०१५ मध्ये लाहोरच्या रस्त्यावर रिक्षातून कामावर जाताना तिलाच पळवून नेलं. ती सापडली ऑक्टोबर २०१७ मध्ये, अफगाण सीमेजवळ. दोन वर्षांहून जास्त काळ. एका परक्या मुलासाठी, ज्याला तिनं पाहिलेलंही नव्हतं.

जानेवारी २०१६ मध्ये पेशावर हायकोर्टात पहिल्यांदा कळलं की हमीद लष्कराच्या ताब्यात आहे. लष्करी न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्येच त्याला हेरगिरीसाठी तीन वर्षांची शिक्षा दिली होती. ही तीन वर्षं निकालाच्या तारखेपासून मोजायची. आधीची तीन मोजायची नाहीत, ती नुसतीच गेली. पेशावरचे वकील काझी महंमद अन्वर आणि रखशंदा नाझ कोर्टात त्याच्या बाजूनं उभे राहिले. शिक्षा डिसेंबर २०१८ मध्ये संपली आणि १८ डिसेंबरला वाघा-अटारीवरून तो चालत परत आला. सहा वर्षांनी. मैत्रिणीचं काय झालं, याचं उत्तर तेवढं त्या गोष्टीत कुणी शोधत नाही.

मी हे सगळं पहाटे चारपर्यंत वाचलं. आमच्या गावच्या पोराचं आणि हमीदचं अंतर दीड किलोमीटरचं होतं, एवढंच तेव्हा डोक्यात राहिलं. आणि मध्ये होती रुतणारी जमीन.

दुसऱ्या दिवशी जेवताना आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘त्यात काय, माझा बाप बी हेर होता.’ आम्ही सगळे घास हातात धरून त्यांच्याकडं बघायला लागलो.

आमच्या जिल्ह्याला परदेश सीमा नवी नाही, हे आमच्या पिढीला आठवत नाही इतकंच. १९४८ पर्यंत उस्मानाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि शेजारचं बार्शी मुंबई इलाख्यात. आज एसटीत डुलकी लागली तर बार्शी कधी आली कळत नाही, पण तेव्हा मध्ये करोडगिरी नाका, म्हणजे निजामाची जकात. इकडं हाली सिक्का चालायचा, तिकडं कलदार रुपया. पणजोबा तूप घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचे. शेवटच्या वर्षात रझाकारांचा जोर वाढला तेव्हा बार्शीला जाऊन येणारा प्रत्येक माणूस संशयित झाला. सीमेपलीकडं स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या, निरोप इकडून तिकडं जायचे. एकदा कुणीतरी पणजोबांच्या हातात चिठ्ठी दिली, बार्शीत अमक्या दुकानात दे म्हणून. नाक्यावर झडती झाली. दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं, मारलं. तूप गेलं ते गेलंच.

‘चिठ्ठीत काय होतं?’ मी विचारलं.

‘त्याला कुठं वाचता येत होतं?’ आजोबा म्हणाले. ‘मरेपर्यंत म्हणायचा, तूप तेवढं चांगलं होतं.’

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये चार-पाच दिवसांत ती सीमाच पुसली गेली. पणजोबांची हेरगिरी आमच्या घरात विनोद म्हणून उरली.

पुढं मी डिप्लोमा संपवला, पुण्यात चाकणला आठ महिने काढले आणि २०२२ मध्ये एका एजंटामार्फत शारजाला गेलो. स्टोअरकीपर म्हणून. घरातला पहिला पासपोर्ट माझा. विमानतळ पहिल्यांदा पाहिलं ते त्याच दिवशी. आईनं पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि कुंथलगिरीचे पेढे दिले होते. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये बेल्ट, पाकीट, मोबाइल ठेवताना मला सारखं वाटत होतं की आता हे लोक काहीतरी पकडणार. काय पकडणार ते माहीत नव्हतं. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण काहीतरी गुन्हा केलाय असा भाव असतो. तो अनुभवी माणसाला लांबूनही ओळखू येत असणार.

खोलीत आम्ही सहा जण. दोघे बिहारचे, एक नेपाळी, एक केरळचे चेट्टन, वयानं पन्नाशीचे, एक सिंधमधला ड्रायव्हर आणि मी. त्या सिंधच्या ड्रायव्हरनं मला पहिल्या आठवड्यात आपली गादी दिली, कारण माझ्या बंकाची पट्टी तुटली होती. हे मुद्दाम सांगतो. पुढं मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो हा नव्हे. त्या माणसाचं गाव कुठलं, हे मी कधी विचारलंच नाही. तो हिंदी बोलायचा, आमच्यासारखीच.

कॅम्पच्या कोपऱ्यावर एक बकाला होता, म्हणजे किराणा, आणि त्याला लागून चहाचं कॅफेटेरिया. तिथं एक कार्गोवाला रोज रात्री बसायचा. आखातातून गावी सामानाची खोकी पाठवायचा धंदा. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चहाचे पैसे कधी दुसऱ्याला देऊ द्यायचा नाही. मी गावाकडं काय पाठवायचं म्हणून चौकशी केली. त्यानं मला पहिलं खोकं फुकटात पाठवून दिलं. दूध पावडरीचे डबे, टँग, बाम, एक ब्लँकेट. ‘पहिल्या वेळी आईला पाठवतोयस, पैसे नको,’ म्हणाला. आई फोनवर रडली. ब्लँकेट अजून घडीतच आहे, पाहुण्यांसाठी.

२०२३ चा रमजान सुरू झाला होता. कंपनी इफ्तारच्या वेळी सगळ्यांना सुट्टी द्यायची आणि कॅफेटेरियाबाहेर मोठ्या थाळ्यांत सगळेच एकत्र खायचे. तिथं एकदा कार्गोवाला म्हणाला, ‘तुझ्याकडं इंडियाचं सिम आहे ना? गिऱ्हाइकं परदेशातला नंबर उचलत नाहीत. इंडियाच्या नंबरवर एक व्हॉट्सॲप काढून देतोस? फक्त ओटीपी सांगायचा. सिम तुझ्याकडंच.’

माझं व्हॉट्सॲप तिथल्या नंबरवर होतं. गावाकडचं सिम बँकेच्या मेसेजसाठी जुन्या फोनमध्ये नुसतं पडून होतं. मी नंबर दिला. मिनिटभरात मेसेज आला, सहा आकडे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवले. खरंच सांगतो, मला चांगलं वाटलं. त्याच्या उपकाराची परतफेड झाली असं वाटलं. त्या क्षणी मला ना हमीद आठवला, ना रणातला पोरगा, ना तूप. आपल्याला वाटतं वाचलेलं वेळेवर आठवतं. आठवत नाही. ज्याला आपण ओळखतो असं वाटतं त्याच्याबाबतीत तर नाहीच.

अकरा दिवस काही घडलं नाही.

बाराव्या दिवशी मी त्याला मोबाइलवर आमच्याकडच्या एका लग्नाचे फोटो दाखवत होतो. त्यात आत्याचा मुलगा होता, वर्दीत. आम्ही त्याला दादा म्हणतो. आमच्याकडं दर चार-दोन घरांमागं एक पोरगा भरतीच्या तयारीत पळत असतो, आमच्या घरात तो लागला. कार्गोवाल्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला. ‘फौजेत आहेत? कुठं असतात?’

‘जम्मूकडं,’ मी म्हणालो.

‘थंडी फार असेल. आता सुट्टीवर आले की अजून तिकडंच? रेल्वेनं जातात का सगळे एकदम?’

सगळे एकदम. हे दोन शब्द मला रात्री झोपताना पुन्हा ऐकू आले. एकट्या दादाचं कुणी विचारलं असतं तर ती चौकशी झाली. सगळे एकदम कसे जातात, ही कसली चौकशी? मी उठून बसलो. पुन्हा स्वतःला समजावलं की माणसं असं बोलतातच. माझा मामाही बोलतो. आमच्या टपरीवर बसलेला कुणीही हेच विचारेल, वर गाडीचा नंबरही विचारेल. पण माझ्या नंबरवर अकरा दिवस कोण कुणाशी काय बोलत होतं, ते मला माहीत नव्हतं. आणि समोरच्याला ज्याचा नंबर दिसत होता तो मी होतो. आधार कार्डासकट मी.

चेट्टनना उठवलं. ते तीस वर्षं आखातात काढलेला माणूस. त्यांनी मला ओरडायचं तेवढं हळू आवाजात ओरडून घेतलं, मग जुना फोन मागितला, त्यात त्याच नंबरवर व्हॉट्सॲप टाकलं, ओटीपी आला, तो भरला. पुढं स्क्रीनवर आलं: पिन टाका. समोरच्यानं टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ठेवलं होतं. पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबा. ‘तो बाहेर निघाला,’ चेट्टन म्हणाले. ओटीपी भरला त्या क्षणी त्याच्या फोनवरून खातं बंद झालं होतं, फक्त मला आत जायला आठवडा लागणार होता. धंद्याच्या व्हॉट्सॲपला पिन लावण्यात गैर काही नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ‘पण कल त्याला कळेल. तू कॅफेटेरियात जाऊ नको.’

ते सात दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. कामावर मालाची नोंद करताना आकडे चुकायचे. कॅम्पच्या गेटवर पोलिसांची गाडी दिसली की पोटात गोळा यायचा. परदेशात पकडलं तर आपल्यासाठी कोण धावणार, याची मी मनातल्या मनात यादी करायचो. आई दहावी नापास. वडलांना मुंबईत कुणी ओळखत नाही. आमच्यासाठी कोण झीनत शहजादी येणार होती?

आठव्या दिवशी खातं उघडलं. आत काहीच नव्हतं. नव्या फोनवर जुन्या गप्पा येत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. रिकामी पांढरी स्क्रीन. तेवढ्यात तीन मेसेज आले, तिन्ही अनोळखी भारतीय नंबरांवरून. एकानं विचारलं होतं, खोकं कधी पोचणार. एकानं नुसतं ‘हाय डिअर’. तिसऱ्यानं, ‘फोटो मिळाला का?’

कसला फोटो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तिन्ही नंबर ब्लॉक केले. आज वाटतं की तेव्हा केलेली ही सगळ्यात मोठी चूक. विचारायला नको होतं हे खरं, पण जपून ठेवायला हवं होतं.

कार्गोवाला पुढंही त्याच कोपऱ्यावर बसायचा. एकदा समोर आला. रागावला नव्हता. ‘नंबर बंद झाला वाटतं तुझा,’ एवढंच म्हणाला आणि चहा मागवला. माझ्यासाठीही. मी प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

तो हेर होता का? मला माहीत नाही, आणि कधी कळेल असंही वाटत नाही. कदाचित खोकी पाठवणारा, बायकांशी चॅटिंग करणारा एक साधा इसम असेल. हमीदच्या गोष्टीत कोहाटच्या त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जे कळत नव्हतं, तेच मला कळत नव्हतं. फक्त खुर्ची बदलली होती.

मी गप्पच राहिलो असतो. पण मे महिन्यात पाठोपाठ दोन बातम्या आल्या. आधी पुण्याची: ३ मे २०२३ ला एटीएसनं डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या संचालकाला अटक केली. ऑनलाइन ओळख झालेल्या बाईच्या नादानं गोपनीय माहिती दिल्याचा आरोप. खोलीत सगळे म्हणायला लागले की एवढा शिकलेला माणूस, असा कसा फसला. मला त्यात नवल वाटलं नाही. मग दीड आठवड्यानं ओडिशाची बातमी. तिथल्या स्पेशल टास्क फोर्सनं तिघांना पकडलं होतं. आरोप असा की दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डं काढायची आणि त्यांचे ओटीपी पाकिस्तानी हस्तकांना विकायचे. त्या ओटीपींवर व्हॉट्सॲप, टेलिग्रामची खाती उघडतात आणि ती भारतीय नंबराची असल्यानं समोरचा जवान विश्वास ठेवतो.

त्या माणसांनी पैसे घेतले होते, असा आरोप होता. मी ब्लँकेट घेतलं होतं.

रणात सापडलेल्या पोराला आमच्या ग्रुपनं दहा मिनिटांत गद्दार ठरवलं होतं. त्याच्यापाशी द्यायला काही नव्हतंच. एक मुलगी, एक नकाशा, तहान. मी मात्र दिलं होतं. माझं नाव, माझा नंबर आणि ‘जम्मूकडं’ हा शब्द. आणि माझं आडनाव असं आहे की माझ्यावर ग्रुपमधल्या कुणाला कधी संशय आला नसता.

दादाला फोन करायला मला चार दिवस लागले. तो सुट्टीवर आला होता, शेतात होता. मागं पंपाचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, ‘पुन्हा सांग. तारखेसकट.’ मी पुन्हा सांगितलं.

‘मला वर कळवावं लागंल,’ तो म्हणाला.

‘तुझं काय होईल?’

‘माझं काय व्हायचंय? तू मला हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंस?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लाज वाटली म्हणून. नोकरी जाईल म्हणून. आई घाबरेल म्हणून. हमीदनं घरी नोकरीचं खोटं कारण का सांगितलं असेल, ते मला त्या फोनवर समजलं. घरच्यांना फसवायचं म्हणून माणूस खोटं बोलत नाही. घरचे अडवतील एवढंच त्याला माहीत असतं. गावच्या त्या पोरानंही सांगितलं नव्हतं. पण त्याच्या घरच्यांनी लोक हसतील याची पर्वा न करता वेळेवर पोलिसांत जाऊन सगळं सांगितलं. तहानेनं मरायला टेकलेला पोरगा त्यांना परत मिळाला. ती बातमी पाहून आम्ही हसलो होतो ना, त्या आईबापांना हे आधीच माहीत असणार की आपल्या गावात उद्या हेच होणार.

दादानं वर कळवलं. काही दिवसांनी एका अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज शांत, प्रश्न बारीक. कार्गोवाल्याचा शर्ट कसला असायचा इथपर्यंत. मी सुट्टीवर गावी आलो तेव्हा सायबर पोलिसांकडं लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तिच्यावरचा शिक्का आता फिकट झालाय. त्यापुढं मला कुणी बोलावलं नाही. दादा माझ्याशी बोलतो, पण आपल्या पोस्टिंगचं आता घरात काहीच सांगत नाही. आत्या आईला म्हणते, पोरगं घुमं झालंय. मी तिथून उठून जातो.

शारजाचं काँट्रॅक्ट संपल्यावर मी परत गेलो नाही. आता तुळजापूर रस्त्याला एका ट्रॅक्टर डीलरकडं स्टोअर सांभाळतो. कामानिमित्त महिन्यातनं एक-दोनदा बार्शीला जावं लागतं. गाडी हद्द ओलांडते तिथं नाका नेमका कुठं होता, ते आजोबांनी दाखवायचं कबूल केलं होतं. त्याआधीच ते गेले.

ते सिम अजून माझ्याकडं आहे, जुन्या फोनमध्ये, कपाटात. वापरत काहीच नाही, बँकेलाही दुसरा नंबर दिलाय. पण रिचार्ज संपत आला की भरतो. बंद पडला तर कंपनी काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल, आणि मग एखाद्या रात्री त्या माणसाला विचारणा होईल की फोटो मिळाला का.